केडगावचा भरवसा

आपल्यापैकी बरेच जण रोज हुगेनोटेनप्लाट्झवर बस पकडतात. एर्लांगेन स्टेशनातून बाहेर पडलं की दोन मिनिटांवर ते चौकातलं उंच मनोऱ्याचं चर्च दिसतं. गेल्या हिवाळ्यात तिथेच बसची वाट बघत असताना आमच्या धाकट्यानं विचारलं, "आई, हे ह्युगेनॉट इथे आले तेव्हा त्यांच्याकडे नोकरीचं काँट्रॅक्ट होतं का?"

इकडे वाढलेल्या मुलाचा प्रश्न! त्यांच्या शाळेत नुकताच तो धडा झाला होता. १६८५ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं प्रोटेस्टंट लोकांच्या उपासनेवर बंदी घातली. देश सोडून जाणं हासुद्धा गुन्हा ठरवला. तरी लोक लपतछपत निघाले आणि त्यांतले काही १६८६ मध्ये इथे पोचले. मार्ग्राफ ख्रिस्तियान अर्न्स्टनं त्यांच्यासाठी नवं गाव आखून दिलं. शहराच्या मध्यभागातले ते सरळ रेषेतले रस्ते तेव्हाचेच. पायमोजे विणणं, हातमोजे शिवणं हे त्यांचे धंदे. मार्ग्राफचं आमंत्रण होतं खरं, पण रात्री घराला कडी घालून निघताना ते किती जणांच्या कानावर गेलं असेल?

"काँट्रॅक्ट नव्हतं रे," मी म्हटलं.

"मग कशाच्या भरवशावर आले?"

तेवढ्यात बस आली आणि उत्तर राहून गेलं. ते आज लिहिते आहे.

मंडळी, आपण सगळे इथे आलो ते काँट्रॅक्ट हातात घेऊन. आल्यावर पहिलं काय केलं? विमे उतरवले. आजारपणाचा विमा, घरातल्या सामानाचा विमा, आणि आपल्या हातून दुसऱ्याचं काही फुटलं तर म्हणून हाफ्टफ्लिश्ट! यात वाईट काही नाही. पण देवावर भरवसा ठेवायला आपल्या आयुष्यात आपण नेमकी जागा तरी कुठे ठेवली आहे, असा प्रश्न मला अधूनमधून पडतो. आणि तो पडला की मला पंडिता रमाबाई आठवतात.

मी मराठी ख्रिस्ती घरात वाढले. 'मिशन' हा शब्द मला घरचा. आपल्यातल्या कित्येकांना तो खटकतो, हेही मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगते, धर्म कोणी बदलावा की नाही, हा या लेखाचा विषय नाही. विषय आहे प्रवासाचा आणि भरवशाचा.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते वर्षानुवर्षं चालतच राहिलं. देवळात, घाटावर पुराण सांगायचं आणि मिळेल त्यावर राहायचं. मग दुष्काळ पडला. १८७४ च्या सुमारास थोड्याच काळाच्या अंतरानं वडील, आई आणि मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. थोड्याच वर्षांत भाऊ गेला, आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवराही गेला. पदरात मनोरमा, वय वर्ष एकही पुरं नाही.

१८८३ साली मुलीला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या. 'स्त्रीधर्मनीति' हे स्वतःचं पुस्तक विकून प्रवासाचा खर्च जमवला होता. त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तिथल्या साध्वींनी सांगितलं आणि यांनी मान डोलावली, असं काही झालं नाही बरं का. न पटलेल्या प्रत्येक सिद्धांतावर त्यांनी पत्रांतून वाद घातला. शाकाहार सोडला नाही. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असंही विचारलं. विश्वास ठेवणं म्हणजे डोकं गहाण टाकणं नव्हे, हे मला पहिल्यांदा त्या पत्रांवरून कळलं.

पुढे अमेरिका झाली. तिथल्या लोकांनी दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. वर्षा-दीड वर्षात ते पुण्याला आलं. १८९३ मध्ये मोठं वादळ उठलं. सदनातल्या मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, हे धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या कराराविरुद्ध आहे, असा आक्षेप आला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. आक्षेप घेणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ होती, असं मीही म्हणणार नाही.

याच सुमाराला बाईंच्या हाती काही चरित्रं पडली. त्यांतलं एक होतं जॉर्ज म्यूलरचं, आणि हा गृहस्थ मूळचा इथला, जर्मन! १८०५ साली प्रशियात जन्मलेला. तरुणपणी बापाचे पैसे चोरणारा, तुरुंगाची हवा खाऊन आलेला. पुढे ब्रिस्टलला जाऊन त्यानं अनाथाश्रम काढले. त्याच्या हयातीत दहा हजारांहून जास्त मुलं तिथे वाढली. नियम एकच होता, पैसे माणसाकडे मागायचे नाहीत, देवाकडे मागायचे. पण आलेल्या प्रत्येक देणगीची पावती जायची आणि दरवर्षी हिशेब छापून यायचा. सत्तरीला पोचल्यावर हा माणूस प्रवासाला निघाला आणि पुढची सतरा वर्षं देशोदेशी प्रवचनं करत फिरला. हिंदुस्थानातही येऊन गेला.

रमाबाईंनी आपल्या आत्मकथनात लिहिलं आहे की हे वाचून त्यांना वाटलं, असा भरवसा हिंदुस्थानात ठेवता येणार नाही का? कुणीतरी मिशनऱ्यानं तसं काम काढून दाखवावं. आणि मग मनात आलं, दुसऱ्यानं कशाला? तू स्वतः का नाही?

उत्तर द्यायची वेळ लवकरच आली. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बाईंचा पहिला विचार चारचौघींसारखाच होता. आपल्याजवळ ना पैसा ना जागा, आपण काय करणार? पण वीस वर्षांपूर्वीची स्वतःची उपासमार त्यांना गप्प बसू देईना. त्या गेल्या. आई-वडील गमावलेल्या, हाडांचे सापळे झालेल्या मुली आणि तरुण विधवा घेऊन परत आल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा आणल्या. बघता बघता सुमारे तीनशे जणी झाल्या. त्यात पुण्यात प्लेग. इतक्या मुलींना शहरात ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून केडगावच्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. तेच पुढे मुक्ती मिशन. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या मुली ख्रिस्ती वळणात वाढल्या, यावर तेव्हा टीका झाली आणि आजही होते. पण त्या जगल्या, लिहायला-वाचायला शिकल्या, हेही तितकंच खरं.

मला विशेष वाटतं ते पुढचंच. ही जमीन बाईंनी दुष्काळाआधीच घेऊन ठेवली होती. दहा वर्षांची अमेरिकन मदत १८९८ मध्ये संपणार हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी विहिरी खणल्या, फळझाडं लावली. पुढे मुलींना शेती, विणकाम, छापखान्याची कामं शिकवली. प्रार्थना करणारी ही बाई कुदळही हातात देत होती. आपण 'देव बघेल' म्हणतो ते बहुधा काम टाळायला. त्या म्हणत ते काम अंगावर घेतल्यावर.

त्यांचे सगळे प्रवास एकापुढे एक ठेवून बघा. लहानपणचा प्रवास पुण्य मिळावं म्हणून झाला. इंग्लंड-अमेरिकेचा शिक्षण आणि मदत मिळावी म्हणून. दुष्काळातला प्रवास मात्र स्वतःसाठी नव्हता, आणि त्यात परत आल्यावर काय खाऊ घालायचं हेही ठरलेलं नव्हतं. माणसाची वाढ होते ती या तिसऱ्या प्रकारच्या प्रवासात, असं मला वाटतं.

आता स्वतःची एक गोष्ट सांगते, फारशी अभिमानाची नाही. त्याच हिवाळ्यात इथल्या विद्यापीठात आलेल्या एका मराठी मुलीचा फोन आला. खोली मिळत नव्हती, दोन-तीन आठवडे कुठे राहता येईल का? आम्ही दोघं बसून हिशेब करू लागलो. मोठीची परीक्षा, घरमालकाचा नियम, स्नानघर एकच. "बघून सांगते," म्हटलं. चौथ्या दिवशी फोन केला तर ती आमच्याच चर्चमधल्या एका पंचाहत्तरीच्या आजींकडे राहायला गेली होती. आजींचं घर दोन खोल्यांचं. रविवारी मी ओशाळून विचारलं, "तुम्हाला अडचण नाही झाली?" त्या म्हणाल्या, "झाली ना. पण ती आल्यावर जागा झाली."

केडगावला तरी दुसरं काय झालं होतं?

धाकट्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग पुढच्या वेळी कोणी आलं तर माझी खोली द्या. मी हॉलमध्ये झोपेन." एक जादा गादी आणून ठेवली आहे. फोन अजून आलेला नाही, पण आता "बघून सांगते" म्हणायचं नाही असं ठरवलं आहे.

जाता जाता एक. पुढच्या सुट्टीत पुण्याला गेलात तर दौंडच्या बाजूला जाणाऱ्या गाडीनं केडगावला उतरा. मुक्ती मिशनचं काम आजही चालू आहे. मुलांना जरूर घेऊन जा. काँट्रॅक्टबद्दल ती विचारतीलच.