साडेतीन तास पुढे

सकाळी सहा
कोहका-कुरुद रस्त्यावर कॉलेजच्या बस धावायला लागायच्या आत मी संगणक उघडते. (हे भिलाईचं कुरुद. धमतरीकडचं कुरुद वेगळं, आणि दर नव्या कुरिअरवाल्याला ते सांगावं लागतं.) मी घरबसल्या ज्या प्रयोगशाळेचे आकडे तपासते ती युरोपात आहे. तिथे आत्ता रात्रीचे अडीच. माणसं झोपलीत, पण सूक्ष्मदर्शकाच्या यंत्रानं रात्रभर काढलेली चित्रं सर्व्हरवर येऊन पडलीत. पुण्यात शिकत होते तेव्हा पेशी मीही वाढवल्यात. पेशींना रविवार नसतो, दिवाळी नसते. ठरल्या दिवशी त्यांचं माध्यम बदलावंच लागतं. ते काम आता दुसऱ्याच्या वाट्याला गेलंय, याचं मला काडीचं दुःख नाही.

सात ते दहा
कातडीची पेशी मागे नेऊन तिची पुन्हा मूळपेशी करता येते, हे शास्त्रज्ञ यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या पेशींवर दाखवलं. अशा मूळपेशीला मेंदूच्या वाटेला लावता येतं. मग तिच्यापासून साधारण 0.3 मिलिमीटरचे गोळे बनतात. लॅमिनिन लावलेल्या तळावर गोळा ठेवला की आधी ग्लिया पेशी चहूकडे सरकत बाहेर पडतात आणि त्यांच्या अंगावरून न्यूरॉन पुढे चालू लागतात. पाच दिवसांनी कोण कुठवर पोचलं ते मोजायचं. मिथिल पारा टाकला तर ही चाल आखूड होते.

रसायन मेंदूच्या घडणीला बाधतं की नाही, याचा निकाल एकट्या चालीवर कुणी देत नाही. पेशींची संख्या वाढते का, त्यांचे न्यूरॉन होतात का, न्यूरॉनना फाटे फुटतात का, त्या फाट्यांवर आवरण चढवणाऱ्या पेशी तयार होतात का, हे सगळं वेगवेगळं तपासायचं. माझी आवडती चाचणी न्यूरॉनच्या जाळ्याची. एका प्लेटमध्ये 48 खळगे, प्रत्येक खळग्याच्या तळाशी 16 इलेक्ट्रोड. सुरुवातीला पत्र्यावर सुटे थेंब पडावेत तशी तुरळक नोंद होते आणि मग काही काळानं सगळ्या पत्र्यावर एकदम सर यावी तसे न्यूरॉन एका लयीत बोलायला लागतात. ज्या खळग्यात ती सर येतच नाही, तिथे मी थांबते.

पेशींवरच्या या चाचण्यांची गरज का पडली? उंदरांवरच्या चाचणीची ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शिका 2007 ची. गाभण मादीला सहाव्या दिवसापासून पिल्लांचं दूध सुटेपर्यंत रसायन द्यायचं, मग पिल्लांची हालचाल, दचकणं, शिकणं, मेंदूचे काप, सगळं पाहायचं. दर गटात 20 वेतं, किमान तीन मात्रा आणि एक कोरा गट, म्हणजे 80 वेतं झाली. या रीतीनं आजवर जेमतेम शे-सव्वाशे रसायनं तपासून झालीत आणि वापरात आहेत हजारो. पेशींच्या या चाचण्यांचा संच कसा वाचायचा, याच्या पहिल्या शिफारशी ओईसीडीनं 2023 मध्ये काढल्या.

साडेदहा
चहा. बाबा इथल्या स्टील प्लांटमधून निवृत्त झाल्यापासून वाळवीशी लढतायत. पावसाळ्यात दाराच्या चौकटीला पुन्हा माती चढली म्हणून क्लोरपायरिफॉसचा डबा काढून बसलेत.

“इतकी वर्षं मारतोय, आपल्याला कुठे काय झालं?”

“आपल्याला नाही हो बाबा. पोटातल्या बाळाला.”

युरोपीय संघानं हे औषध 2020 मध्ये बंद केलं, 2025 मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीतही ते गेलं, काही सवलती ठेवून. हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. शेजारच्या सुनेला सातवा लागलाय, एवढं सांगितलं आणि डबा माळ्यावर गेला.

साडेबारा
तिकडे नऊ वाजले. रोजचा कॉल. आजचा वाद एका बुरशीनाशकावर. जाळं गप्प झालंय, पण ज्या मात्रेला ते गप्प झालं त्याच मात्रेला पेशीही मरतायत. मेलेल्या पेशी बोलत नाहीत, यात शोध कसला? पेशी जिवंत, धडधाकट आहेत आणि तरी चालत नाहीत किंवा जोडल्या जात नाहीत, तेव्हाच मेंदूच्या घडणीवर घाला आला म्हणता येतं. पेशी मरण्याचा आणि जाळं गप्प होण्याचा, या दोन्ही वक्रांमध्ये पुरेसं अंतर हवं. तिकडच्या सहकाऱ्याला ते दिसतं, मला दिसत नाही. मधल्या दोन मात्रा वाढवून पुन्हा करायचं ठरलं.

दोन ते पाच
दिवसातलं खरं कठीण काम हेच. खळग्यात अमुक मायक्रोमोलरला न्यूरॉन अडखळले, बरं. मग बाईच्या पोटात रोज किती गेलं तर तिच्या रक्तात तेवढं साठेल? रसायनातलं काही प्लास्टिकला चिकटतं, काही प्रथिनांना. शिवाय खळग्यात यकृत नसतं. क्लोरपायरिफॉसचं यकृतात ऑक्सॉन होतं आणि मज्जासंस्थेतल्या कोलिनेस्टरेजला तेच जास्त जाचतं. नुसतं मूळ औषध टाकून ‘काही झालं नाही’ म्हणायचं म्हणजे अर्धीच चौकशी.

वर आमच्या संगणकी मॉडेलमधली लोकसंख्या अमेरिकेच्या आरोग्य सर्वेक्षणावर बेतलेली. चाळीस किलोची, अंगात रक्त कमी असलेली, दिवसभर चिखलात वाकून रोपं लावणारी बाई त्यात मध्यावर नसते, टोकाला असते. मी आज वजनाची आणि हिमोग्लोबिनची आडनिडी टोकं घालून गणित पुन्हा चालवलं. सुरक्षित म्हटलेली मात्रा खाली आली. पेशी युरोपात मोजता येतात. अंगात किती जातं ते इथेच मोजावं लागेल आणि ते मोजणारं फारसं कुणी नाही. माझ्या मते पेशींच्या चाचण्यांवर घेतल्या जाणाऱ्या बहुतेक शंकांपेक्षा ही उणीव मोठी आहे.

साडेपाच
पाय मोकळे करायला वस्तीच्या पलीकडच्या बांधापर्यंत. पाठीवर पंप घेतलेला माणूस, नाकावर गमछा. थोड्या अंतरावर निंदणी करणाऱ्या बाया. यवतमाळमध्ये 2017 साली फवारणीनं शेतकरी आणि मजूर गेले तेव्हा आकडे छापून आले, कारण मृत्यू मोजता येतात. त्या वेळी ज्यांची नावं पुढे आली त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं. लखनौच्या भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्थेत नाळेच्या रक्तातल्या मूळपेशींपासून चेतापेशी घडवून हेच औषध तपासलं गेलंय. म्हणजे हे काम परदेशातच होतं असं नाही. आमच्याजवळच, अंबागढ चौकीकडच्या कौडीकसा गावात पाण्यात आर्सेनिक निघालं, तेही मेंदूच्या घडणीला बाधणारं. पण एखादं मूल वर्गात थोडं मागे राहिलं तर त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात करणार?

सात
अहवाल. वरिष्ठांच्या मसुद्यात एका रसायनापुढे ‘सुरक्षित’ लिहिलंय. मी ते खोडून ‘या चाचण्यांत, या मात्रांपर्यंत परिणाम आढळला नाही’ असं लिहिते. वाक्य लांबतं, कंपनीला आवडत नाही, पण आमच्याकडच्या पुराव्यातून तेवढंच निघतं. सोबत दोन मागण्या जोडल्या: हलक्या वजनाच्या बाईचं गणित मुख्य तक्त्यात घ्यावं, परिशिष्टात नको, आणि क्लोरपायरिफॉसबरोबर ऑक्सॉनही चालवावं.

पहिलीवर उत्तर आलं, ‘बघू’. दुसरीवर होकार. ऑक्सॉन फ्रीझरमध्ये आहे, गोळे गुरुवारी मांडतील. पाच दिवस धरले तर चित्रं मंगळवारी.