नानजिंगचा छापखाना

चिनी बायबलच्या काही प्रतींत देवाच्या नावाआधी दर वेळी एका अक्षराएवढी जागा कोरी असते. हा मुद्रणदोष नाही. देवाला ‘शांगदी’ म्हणायचे की ‘शेन’, यावर एकोणिसाव्या शतकातले मिशनरी भांडले आणि वाद मिटलाच नाही. ‘शांगदी’ला दोन अक्षरे लागतात, ‘शेन’ला एक. तेव्हा आवृत्त्या दोन निघाल्या, आणि दोन्हींची पाने जुळावीत म्हणून ‘शेन’आधी एक घर मोकळे राहिले.

अशी पाने आज नानजिंगच्या अ‍ॅमिटी छापखान्यात छापली जातात. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ कागद रिळावरून यंत्रात शिरतो, छापून फर्मे दुमडले जातात, मग शिलाई आणि बांधणी. बिशप दिंग ग्वांगशुन यांच्या पुढाकाराने १९८५ मध्ये अ‍ॅमिटी संस्था उभी राहिली. तिने युनायटेड बायबल सोसायटीजच्या साथीने हा छापखाना काढला. २००८ मध्ये तो मोठ्या जागेत गेला. दहा कोटी प्रतींचा टप्पा २०१२ मध्ये ओलांडला, वीस कोटींचा २०१९ मध्ये. त्यांतल्या कोट्यवधी प्रती परदेशी, परक्या भाषांतल्या.

चिनी भाषेतल्या बायबलांची वाट मात्र आपल्या देशातूनही गेली आहे. जोशुआ मार्शमन यांचे चिनी बायबल १८२२ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला पूर्ण झाले; तिथेच विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघाले होते. रॉबर्ट मॉरिसनचे चिनी बायबल १८२३चे.

मिशनऱ्यांनी शतकभर खपून जे जमवले, ते १९४९ मध्ये दहा लाखांच्या आसपास प्रोटेस्टंट. पुढे परदेशी मिशनरी गेले. सांस्कृतिक क्रांतीत चर्चेस बंद पडली, बायबले जाळली गेली. लोकांनी हाताने उतरवून काढलेल्या वह्या लपवून वाचल्या. १९७९ पासून दारे पुन्हा उघडू लागली, तेव्हा मंडळी आटलेली नव्हती, वाढलेली होती. खेड्यापाड्यांत स्थानिक प्रचारकांनी आणि बायकांनी घराघरांतून प्रार्थना चालू ठेवल्या होत्या. दुखणाईताजवळ बसून प्रार्थना करणे हाच अनेकांसाठी श्रद्धेचा पहिला धडा. सरकारने २०१८ मध्ये प्रोटेस्टंटांचा आकडा ३ कोटी ८० लाखांवर सांगितला. अभ्यासकांचे अंदाज त्याखालीही आहेत आणि बरेच वरही, कारण नोंदणी न केलेल्या घरमंडळ्या मोजायच्या कशा, हा प्रश्न सुटत नाही.

माझ्या मते चीनमधला ख्रिस्ती धर्म परदेशी मिशनऱ्यांनी पेरला, पण पीक आले ते त्यांच्या पाठीमागे. वह्यांतल्या त्या उपासमारीवरचे उत्तर म्हणून छापखाना आला. सरकारने मात्र त्याच्या पुस्तकाची वाट आखून ठेवली आहे. २०१८ मध्ये मोठ्या ऑनलाइन दुकानांतूनही ते काढले गेले. वीस कोटी प्रती छापणाऱ्या देशात बायबल अधिकृतपणे मिळते ते नोंदणीकृत चर्चमध्ये. साध्या पुस्तकांच्या दुकानात ते विकता येत नाही.