पागोळ्यांचं गाव

कसाऱ्याला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. पुढे ३७ फुटांमागे एक फूट असा चढ. इगतपुरीला गाडी टेकते, बँकर सुटतात आणि तेवढ्यात वडापाव घेऊन प्रवासी डब्यात परत चढतात. बहुतेकांची इगतपुरी फलाटावरच संपते.

स्टेशनाबाहेर पडलं की दगडी भिंतींची, उतरत्या छपरांची जुनी रेल्वेवस्ती दिसते. कसारा-इगतपुरी लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जी.आय.पी.) रेल्वेने घाटमाथ्यावर आपली माणसं वसवली. इथली घरं पावसाने घडवली आहेत. छपराचा उतार पाणी टिकू देत नाही, पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात, ओली छत्री ठेवायला व्हरांडा असतो. सपाट स्लॅबच्या इमारतीला हाच पाऊस दोन-चार वर्षांत ओल आणून दाखवतो.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. गावात नवं बांधकाम येणारच, ते यावंही. पण जुन्या वस्तीत काय उभं राहावं, हे कोण ठरवणार?

त्याची वाट मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली करून दाखवली. आधी यादी होते, इमारतींना श्रेणी मिळते. एकेकटी इमारतच नव्हे, तर अख्खा परिसरही यादीत येतो, आणि माझ्या मते इगतपुरीला खरी गरज त्याचीच आहे. यादीतल्या जागी बदल करायचा तर नकाशा वारसा समितीपुढे जातो. वास्तुरचनाकार, अभियंते, इतिहासाचे जाणकार मिळून उंची, दर्शनी भाग, शेजारच्या घरांशी मेळ पाहतात. समिती सल्ला देते, परवानगी पालिका देते. मालकाचं नुकसान होऊ नये म्हणून न वापरता आलेला बांधकामाचा हक्क टीडीआरच्या रूपाने विकण्याची सोयही त्यात आहे. हे मालकांना कुणीतरी बसून नीट समजावून सांगायला हवं. वारसा म्हटलं की घर गेलं, अशी धास्ती लोकांना वाटते.

हे फक्त महानगराचं काम नाही. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र झालं. तिथल्या अधिसूचनांत डोंगर-जंगलाबरोबर मानवनिर्मित वारशाचाही विचार आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीतही वारसा जतनाची तरतूद आहे. इगतपुरीत मात्र थोडी गुंतागुंत आहे. स्टेशन आणि रेल्वे वसाहत रेल्वेच्या ताब्यात, बाजारपेठ नगरपरिषदेच्या हद्दीत. दोघांनी एका टेबलाशी बसल्याशिवाय परिसर म्हणून काहीच राखता येणार नाही.

इगतपुरीकरांनो, तुमच्या घराचा जुना फोटो, बांधकामाचं साल, कागद असतील तर त्यांच्या प्रती, घर वारसा यादीत घ्यावं अशा अर्जासोबत, नगरपरिषदेत द्या आणि पोच घ्या. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातील, तेव्हा वारसा परिसराची मागणी लेखी नोंदवा.