ओली फरशी आणि पिवळी पाटी

अहिल्यानगर जिल्ह्याचा, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरचा, बराचसा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतो. अकोलें तालुक्याचा डोंगराळ पश्चिम भाग सोडला, तर पावसाची ओल येथें पाहुण्यासारखी येते व जाते. परंतु पाय घसरण्यास पाऊसच लागतो असें नाहीं. शिंगणापुरास उघड्यावर उभ्या असलेल्या शनीच्या शिळेस तेल वाहण्याची प्रथा आहे. शिर्डीस समाधिमंदिरांत भाविक अनवाणी जातात. जेथें तेल वाहिलें जातें तेथें थेंब सांडणार, आणि जेथें हजारों पावलें उमटतात तेथील फरशी वारंवार धुवावी लागणार. हाच प्रश्न लहान प्रमाणांत प्रत्येक घराच्या न्हाणीघरापाशीं उभा असतो.

चालतांना पुढें टाकलेल्या पावलाची टांच तिरकी टेकते. त्या क्षणीं शरीराचा भार अद्याप मागें असतो. टांच पुढें निसटूं नये म्हणून जमिनीनें तिला धरून ठेवावें लागतें. ही धरून ठेवण्याची शक्ति म्हणजेच घर्षण. सपाट जमिनीवरील साध्या चालीस अंगाच्या भाराच्या सुमारें एक पंचमांश इतकें घर्षण पुरतें; झटकन वळतांना अधिक लागतें. खडबडीत दगडाचे उंचवटे पाण्याचा पातळ थर भेदून तळव्याला भिडतात. गुळगुळीत फरशीवर तसे उंचवटे नसल्यामुळें तो थर मध्येंच राहतो. आणि तेल पाण्याहून दाट असल्यानें त्याचा थर बाजूस सरावयास अधिकच वेळ घेतो.

ओल दिसली कीं मनुष्याचें पाऊल आपोआप आंखूड पडतें, तळवा सपाट टेकतो, वेग मंदावतो. मग लागणारें घर्षणच कमी होतें. म्हणून ओल पाहिलेला मनुष्य सहसा सांवरतो, आणि कोरड्या जमिनीच्या भरंवशानें चाललेला पडतो. पाटीचें काम नेमकें येथें आहे. ती फरशीचा निसरडेपणा तिळमात्र कमी करीत नाहीं. ती चाल बदलते.

यावरून पाटीचे नियम सहज सुचतात. ती ओलीच्या मध्यभागीं नव्हे, तर कांहीं पावलें अलीकडे असावी. वळणावर ती वळण्यापूर्वीं दिसावी. रांगेच्या गर्दींत जमिनीवरील ठेंगणी पाटी दिसत नाहीं, उलट तिलाच ठेंच लागते. तेथें ती डोळ्यांच्या उंचीवर हवी. शिर्डीस अनेक भाषा बोलणारे यात्रेकरू येतात, म्हणून अक्षरांहून चित्र बरें. आय. एस. ओ. ७०१० या आंतरराष्ट्रीय मानकांत पिवळ्या त्रिकोणांत घसरणाऱ्या माणसाची काळी आकृति ठरविलेली आहे. ती वाचतां न येणाऱ्यालाहि कळते.

सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र सत्याचा आहे. पाटी फरशी पुसण्यापूर्वीं लावावी आणि फरशी वाळतांच उचलावी. कोरड्या जमिनीवर दिवसभर उभी राहणारी पाटी लोकांना तिच्याकडे न पाहण्याची संवय लावते. मग खऱ्या ओलीच्या वेळीं ती असून नसल्यासारखी होते. तसेंच, पाटी लावली म्हणून सांडलेलें तेल टिपण्याचें काम संपलें, असें मानणें ही तर निव्वळ फसवणूक होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील अंदाजाप्रमाणें जगांत दर वर्षीं सुमारें ६,८४,००० माणसें निरनिराळ्या प्रकारें पडून दगावतात, व त्यांत साठीपुढील माणसें सर्वाधिक असतात. घरांतील आजीच्या खुब्याचें हाड मोडलें, तर तिचें देवळास जाणें, शेजारीं बसणें, कधीं कधीं अंथरुणावरून उठणेंहि थांबतें. घरीं पिवळी पाटी नसेना का. फरशी पुसतांना दारांत आडवें ठेवलेलें स्टूल आणि वेळेवर उच्चारलेले “जपून, ओलें आहे” हे शब्द तेंच काम करतात. मात्र ते पाऊल पडण्यापूर्वीं कानीं आले पाहिजेत.