आओ नांगमध्ये हलाल पिझ्झा

थायलंड बौद्धबहुल देश; पण क्राबी प्रांतातल्या आओ नांग या किनाऱ्यावरच्या गावात स्थानिक मुस्लिमांची वस्ती मोठी आहे. गावात मशीद आहे, रस्त्यावर हिजाबातल्या बायका हातगाडीवर केळ्याची रोटी भाजताना दिसतात. हलाल भात-मासे सहज मिळतात. पंचाईत होते ती मुलांनी पिझ्झा मागितला की.

पिझ्झा मिळतो तो बहुतेक पर्यटकांसाठीच्या इटालियन हॉटेलांत. तिथे हॅम असतेच. आपण भाजीचा पिझ्झा मागवून निश्चिंत होतो. पण तो त्याच भट्टीतून निघतो आणि त्याच सुरीने कापला जातो. चीजचेही पाहावे लागते. अस्सल इटालियन परमेसान वासराच्या जठरातल्या रेनेटने बनते. ते वासरू कसे कापले, हे वेटर काय सांगणार?

म्हणून आधी दारावर सेंट्रल इस्लामिक काउन्सिल ऑफ थायलंडचे हलाल चिन्ह शोधावे. कुणीही खडूने लिहिलेला ‘हलाल’ शब्द म्हणजे ते चिन्ह नव्हे. चिन्ह नसेल तर सरळ विचारावे. डुकराच्या मांसाला थाईत ‘मू’ म्हणतात, हा एक शब्द पाठ असावा. भट्टी वेगळी आहे का, हेही विचारावे. लाजायचे कारण नाही, इथल्या लोकांना हे प्रश्न नवे नाहीत.

मुस्लिम मालकाच्या हॉटेलात चिकनचा किंवा कोळंबीचा पिझ्झा मिळाला तर उत्तमच. (कोळंबीवर हनफी घरांत वाद होईल, कोकणातल्या शाफई घरांत नाही!) नाहीच मिळाला, तर ती केळ्याची रोटी आहेच. वरून कंडेन्स्ड मिल्क ओतून देतात आणि सगळे आपल्या डोळ्यांसमोर तव्यावर होते.