अक्षरांच्या खिडकींत जावास्क्रिप्ट

पावसाळा लागला म्हणजे कोंकण रेल्वेचें वेळापत्रक बदलतें. दरडींच्या भयानें गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागतो, आणि वेळा निराळ्या ठरतात. आतां अशी कल्पना करा, कीं रत्नागिरीचे एक दृष्टिहीन गृहस्थ मुंबईस निघाले आहेत आणि गाडीची वेळ इंटरनेटवर शोधीत आहेत. त्यांचा ब्राउझर केवळ अक्षरांचा आहे. चित्रें व रंग बाजूस सारून तो पानावरील शब्द ओळीनें मांडतो, आणि संगणक ते त्यांना वाचून दाखवितो. जुन्या यंत्रावर व मंद जोडणीवरहि तो चालतो. पान उघडतें, मथळा ऐकूं येतो, आणि पुढें सर्व सामसूम. गाड्यांचा तक्ता गेला कोठें ?

तक्ता हरवलेला नाहीं. तो अजून भरलाच गेलेला नाहीं. एचटीएमएल या भाषेंत लिहिलेलें पान म्हणजे टपालानें आलेला कागद समजा. पुष्कळदां या कागदावर नुसते रकाने आंखलेले असतात, आणि ते भरण्यासाठीं एक कारकून बरोबर पाठविलेला असतो. हा कारकून म्हणजे जावास्क्रिप्ट. जुना अक्षरी ब्राउझर कागद घरांत घेतो व कारकुनाला दाराबाहेर ठेवतो.

याला इतिहास आहे. लिंक्स हा अक्षरी ब्राउझर अमेरिकेंतील कॅन्सस विद्यापीठांत १९९२ सालीं तयार झाला. विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं भारतांत जनतेसाठीं इंटरनेट खुलें केलें, तेव्हां विद्यार्थ्यांना मिळणारें स्वस्त खातें अक्षरीच होतें. त्याच वर्षीं मे महिन्यांत ब्रेंडन आइक यांनीं नेटस्केप कंपनीसाठीं अवघ्या दहा दिवसांत एका नव्या भाषेचा पहिला नमुना रचला; तीच पुढें जावास्क्रिप्ट या नांवानें प्रसिद्ध झाली. लिंक्सनें मात्र ती आजपर्यंत स्वीकारलेली नाहीं.

मग कारकुनाला आंत घेणें इतकें अवघड कां ? त्याची भाषा समजणारें इंजिन तयार मिळतें. फाब्रिस बेलार यांचें क्विकजेएस हें आटोपशीर इंजिन २०१९ पासून सर्वांस मोफत उपलब्ध आहे. परंतु इंजिनाला बेरीज, वजाबाकी व शब्दांची जुळणी येते. पान म्हणजे काय, हें त्याला ठाऊक नसतें. तें ज्ञान ब्राउझरनें पुरवावयाचें. त्यासाठीं सबंध पानाचा एक वृक्ष मनांत धरावा लागतो : मथळा ही एक शाखा, तक्ता ही दुसरी, त्यांतील प्रत्येक ओळ ही उपशाखा. कारकून त्यांतील फांदी तोडील वा नवी लावील, आणि प्रत्येक वेळीं ओळी पुन्हां रचाव्या लागतील.

दुसरी अडचण प्रश्नांची. खिडकी किती रुंद आहे, उंदीर कोठें फिरला, असें कारकून विचारतो. अक्षरांच्या घरांत त्यांना उत्तर नसतें. तरी कांहींतरी समंजस उत्तर द्यावें लागतें, नाहींतर तो काम अर्ध्यावर टाकतो. तिसरी अडचण सर्वांत कठीण. वाचून झालेली ओळ मागाहून बदलली, तर ऐकणाराला तें कळवावें कसें ? डोळा सारें पान एका दृष्टिक्षेपांत घेतो; कान एका वेळीं एकच शब्द घेतो.

तरीहि प्रयत्न झाले आहेत. लिंक्सहून निराळ्या अशा ईलिंक्स या ब्राउझरला जावास्क्रिप्टचें इंजिन जोडण्यांत आलें. कार्ल डाल्के या दृष्टिहीन प्रोग्रामरनें रचलेल्या एडब्राउझमध्यें आज क्विकजेएस काम करतें. पण अशा कामाला हात थोडे, आणि पानांचे प्रकार रोज वाढते.

म्हणून सारा भार ब्राउझरवर टाकणें न्याय्य नव्हे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला. ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें डिजिटल सेवांपर्यंत पोंचणें हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचें सांगितलें. पान रचणारांनीं गाडीची वेळ आधीं साध्या अक्षरांत लिहावी, आणि मग कारकुनाकडून हवी तेवढी सजावट करवावी. असें झालें तर कारकून आला नाहीं तरी कागद कोरा राहणार नाहीं, आणि आमच्या रत्नागिरीच्या गृहस्थांची गाडीहि चुकणार नाहीं.