अनारसा कढईत हसला तर…

दिवाळीच्या आदल्या दिवशी बारामतीत आमच्या काकूंनी पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला! म्हणजे जाळी पडायच्या आतच फुटून कढईभर पसरला. काकूंचा चेहरा इतका उतरला, की तेव्हापासून मी या पदार्थाच्या मागेच लागलो.

अनारसा हसतो तो बहुतेक वेळा गूळ जास्त झाल्यामुळे. तापलं की गूळ पातळ होतो. त्याला धरून ठेवायला तांदळाचं पीठ कमी पडलं, की सगळंच सुटतं. पीठ ओलसर राहिलं तरी तेच. नीरा डाव्या कालव्यानं बारामती-इंदापुरात ऊस पिकवला, तेव्हा गुळाला आपल्याकडे तोटा नाही; पण मऊ, पाणी सुटणारा गूळ असेल तर हात जरा आखडताच ठेवा. चिकीचा गूळ मात्र नको, त्यानं अनारसे कडक होतात.

तांदूळ 3 दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. सावलीत कापडावर पसरून, दमट असतानाच दळायचे. गूळ घालून मळलेला गोळा 4-5 दिवस तरी मुरू द्यायचा. हे दिवस वाचवायला जाऊ नका, जाळी त्यातूनच येते.

आणि हसलाच, तर पीठ फेकू नका! थोडी कोरडी तांदळाची पिठी मळून घ्या, एकच अनारसा तळून बघा. खसखशीवर थापलेली बाजू वर, आच मंद. उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं. काकूंचा दुसरा घाणा असाच सावरला.